बारावा उपयोग

वंगणाच्या फवाऱ्याचा तो डबा आमच्या घरात आला, तेव्हा लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षे झाली होती आणि लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. मी नांदेडच्या एका दैनिकाचा लातूरचा बातमीदार होतो. जिल्हा झाला म्हणून कार्यालये आली, कार्यालये आली म्हणून बातम्या आल्या, आणि बातम्या आल्या म्हणून मला नांदेडहून इकडे पाठवण्यात आले. नव्या जिल्ह्याची निम्मी कार्यालये भाड्याच्या घरांत होती. त्यांची लोखंडी कपाटे उस्मानाबादहून ट्रकमधून आली होती. काहींच्या किल्ल्या आल्या नव्हत्या. मीही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बायको होती, सात वर्षांची मुलगी होती, आणि त्या उन्हाळ्यापासून आई होती.

आई मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून आली होती. गावची विहीर शिवरात्रीलाच तळाला गेली. घराला कुलूप लावून ती एक ट्रंक घेऊन एसटीने आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "पाऊस पडला की जाते." लातुरात पाणी होते असे नाही. नळ आठवड्यातून एकदा येई. बाकीचे दिवस गल्लीच्या टोकाला असलेल्या हापशावर काढायचे. हापशाचे पाणी मचूळ होते. घागरीच्या आत महिन्याभरात पांढरा थर बसत असे आणि तो चिंचेने घासूनही पूर्ण निघत नसे.

डबा मला एका टाइपरायटर मेकॅनिकने दिला. हा माणूस नांदेडचा. नव्या कार्यालयांतली यंत्रे दुरुस्त करायला तो महिन्यातून एकदा लातूरला येई आणि जाता जाता माझे मराठी टाइपरायटरही पाहून जाई. त्या वर्षी धूळ इतकी होती की यंत्राचा गाडा ओळीच्या मध्येच थांबायचा. मेकॅनिकने पिशवीतून एक उभा पत्र्याचा डबा काढला, वरच्या बोंडाला एक बारीक लाल नळी जोडली आणि बोंड दाबले. गाडा सरकला.

"हैदराबादहून आणलंय साहेब. बाहेरचा माल हाय," तो म्हणाला. "एकदा फुस्स मारलं की मशीन लोणी."

"रोज मारायचं?"

"न्हाई न्हाई. हे अडलेलं सोडवतं. गंज सोडवतं, ओल काढतं. पण टिकत न्हाई. मागून आपलं नेहमीचं तेल द्यावंच लागतं. आन चुलीपाशी नेऊ नका, भडकतंय."

त्याच्याकडे दोन डबे होते. त्यातला एक मी विकत घेतला. मला तो टाइपरायटरपुरताच हवा होता. त्याचे बाकीचे उपयोग आईने शोधले.

तिला त्या डब्याचे नाव वाचता येत नव्हते. ती त्याला फुस्स म्हणे. पहिल्या आठवड्यात तिने स्वतःच्या ट्रंकेचा कोयंडा सोडवला. मग मोरीच्या दाराची बिजागरी. मुलीने भिंतीवर मेणाच्या खडूने काढलेले घर आणि झाड तिने फडक्यावर फुस्स मारून पुसले; भिंतीवर एक पिवळसर डाग राहिला, पण घरमालकाला झाड दिसले नाही. औषधाच्या बाटलीवरचा कागद भिजवून निघाला होता, चिकट डिंक राहिला होता, तोही फडक्याने गेला. मुलीच्या दप्तराची चेन अडत होती, ती चालू झाली. उन्हाळ्यात बायकोची बोटे सुजून अंगठी निघत नव्हती. साबणाला पाणी खर्च करायचे नव्हते, म्हणून तीही याच मार्गाने निघाली. त्यावर बायकोने हात राखेने घासले आणि दिवसभर कणकेला हात लावला नाही.

छत्रीचा प्रसंग मला नीट आठवतो. कपाटामागे माझी छत्री होती. दोन वर्षे ती उघडायचे काम पडले नव्हते आणि तिच्या काड्या गंजून दांड्याला चिकटल्या होत्या. आईने ती बाहेर काढली.

"कशाला?" मी विचारले.

"उघडती का बगू."

"पाऊस कुठंय?"

"पाऊस आल्यावर मग गंज काढत बसतोस का?"

छत्री उघडली. आईने ती घरात उघडी ठेवू नये म्हणून लगेच मिटली आणि पुन्हा कपाटामागे ठेवली.

एका गोष्टीला मात्र तिने डबा लावू दिला नाही. हापशाचा दांडा करकरत होता. बायकोने साखळीत फुस्स मारू का विचारले, तर आई म्हणाली, "भायेरच्या खिळ्याला मार. आत न्हाई. आत मारलास तर गल्ली सगळी घासलेट पिईल." एवढी समज तिला होती हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे झाले ते तिच्या अडाणीपणामुळे झाले असे कुणाला वाटू नये.

त्या दिवसांत माझ्या बातम्यांत टँकर, छावणी आणि मोर्चा याखेरीज काही नसे. बातमी पाकिटात घालून मी संध्याकाळच्या नांदेड गाडीच्या ड्रायव्हरकडे देत असे आणि तिकडे स्टँडवर कार्यालयाचा माणूस ते पाकीट घेई. एका गुरुवारी संपादकांचा फोन आला.

"रविवारच्या पानाला काही हलकं पाठवा. लोक दुष्काळ वाचून कंटाळले."

मी त्यांना डब्याबद्दल सांगितले. त्यांना ते आवडले.

"किती उपयोग आहेत?"

"अकरा मी पाहिलेत."

"अकराला मथळा बसत नाही. बारा करा. 'एक डबा, बारा उपयोग'."

अकरा उपयोग मी डोळ्यांनी पाहिले होते. बारावा मी टेबलाशी बसून लिहिला: "डबी किंवा बरणी कुठलीही असो, तिचे अडकलेले झाकण याने सहज सुटते." ते वाक्य खोटे नव्हते, ते तपासलेले नव्हते. आमच्या धंद्यात हा फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. शुक्रवारी पाकीट बंद करण्यापूर्वी मी मजकूर घरात वाचून दाखवला. आईने पूर्ण ऐकला. छत्रीला ती हसली. बाराव्यावर कुणी काही बोलले नाही.

इथे आईच्या गळ्यातल्या डबीविषयी सांगायला हवे. आम्ही लिंगायत. दीक्षेच्या वेळी गुरू हातावर इष्टलिंग देतात. सुपारीहून थोडे मोठे, काळे, गुळगुळीत. ते चांदीच्या डबीत घालून गळ्यात बांधायचे आणि मरेपर्यंत अंगावेगळे करायचे नाही. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचे, पाणी घालायचे, विभूती आणि बेल वाहायचा, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचे, आणि त्यानंतरच अन्नपाणी घ्यायचे. सगळ्या घरांत हे इतके काटेकोर पाळतात असे नाही. मी पाळत नव्हतो. आई पाळत होती. आजारपणातही तिने पूजेआधी पाण्याचा थेंब घेतल्याचे मला आठवत नाही.

बहुतेकांच्या डबीचे झाकण दाबून बसणारे असते. आईच्या डबीला फिरकी होती. ती तरुण असताना शेतात वाकून काम करताना झाकण उघडू नये म्हणून तिच्या वडिलांनी उदगीरच्या सोनाराकडून तशी करून घेतली होती. चाळीस वर्षांत ती कधी अडली नव्हती. पण चाळीस वर्षे ती गावच्या विहिरीच्या गोड्या पाण्याने पूजा करत होती. आता हापशाचे पाणी होते, तेही वाटीभर. पूजा झाली की ती लिंग ओलेच डबीत ठेवून झाकण फिरवत असे. घागरीच्या आत जे होत होते, ते फिरकीच्या आट्यांत होत असणार हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आले नाही.

रविवारी सकाळी आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. सहाला अंघोळ झाली होती. सात वाजले, तरी ती उठेना. बायको आईला आत्या म्हणे. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

"आत्या, झाली का पूजा? चहा ठेवू?"

"नको ठेवू."

"बरं न्हाई का?"

"झाकण बसलंय."

तासभर ती एकटीच झाकण फिरवत होती. अंगठ्याची आणि बोटाची कातडी लाल झाली होती. बायकोने प्रयत्न केला, मी केला. लिंग आत असताना डबी गळ्यातून काढायची नसल्यामुळे मला आईच्या समोर गुडघ्यांवर बसून, तिच्या हनुवटीखाली हात घालून जोर लावावा लागत होता. दोरा मानेत रुतत होता. बायकोने फडके गरम करून डबीवर धरले. झाकण हलले नाही.

"सोनाराकडं जाऊ," मी म्हणालो. "तो कापून काढील."

"कापल्यावर लिंग कशात ठेवू? आन सोनाराच्या हातात देऊ व्हय?"

"मग?"

"फुस्स आण."

मी लगेच उठलो नाही.

"परवा तूच वाचून दाखवलास की," आई म्हणाली. "डबी कुठलीबी असू दे, झाकण सुटतंय म्हून. छापायला दिलास का न्हाई?"

"दिलं."

"मग आण की."

तो उपयोग मी तपासलेला नाही हे सांगायची ती वेळ होती. मी सांगितले नाही. मी डबा आणला.

बायकोने मला थांबवले. "आधी निरांजन शांत करा," ती म्हणाली. देवळीतला दिवा तिने पदराने शांत केला आणि आईच्या छातीवर जाड पंचा घडी करून ठेवला. मी लाल नळी झाकणाच्या फटीला लावून दोनदा बोंड दाबले. खोलीभर वास पसरला. दहा मिनिटे थांबायचे असते, तसे थांबलो. मग आईने स्वतःच झाकण धरले. ते आधी करकरले, मग फिरले. आट्यांत पांढरा चुरा होता.

"सुटलं गं बाई," बायको म्हणाली.

आईने लिंग तळहातावर घेतले. ते तेलाने चकचकत होते. तेल पुसावे म्हणून तिने पांढऱ्या फडक्याचे टोक त्यावरून फिरवले. फडके काळे झाले. तिने दुसरे टोक फिरवले. तेही काळे झाले. लिंगाच्या एका अंगाला नखाएवढी जागा करडी दिसू लागली.

आईने पुसणे थांबवले.

"हे काय व्हायलंय?" ती म्हणाली. "इरगळायलंय का काय?"

बायकोने तांब्या पुढे केला. "आत्या, घोटभर पाणी तरी घ्या."

"पूजेआधी?"

"मग पूजा करा."

"कशाची करू? हे लिंग राहिलं का न्हाई ते तर कळू दे."

प्रश्न एवढाच होता आणि आम्हा तिघांनाही तो कळला होता. आईच्या मावशीचे लिंग एकदा नदीत वाहून गेले होते. नवी दीक्षा होईपर्यंत तिने तीन दिवस पाणी घेतले नव्हते. ते पावसाळ्याचे दिवस होते. आता मेमधला उन्हाळा होता, आईने साठी ओलांडली होती आणि आदल्या संध्याकाळनंतर तिच्या पोटात काहीही गेलेले नव्हते.

लातुरात मठ होते. सर्वांत जवळचा आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता. मी तसे म्हणालो. आईने मान हलवली.

"ज्यानं दिलं त्यालाच दाखवीन."

ज्यांनी दिले होते ते स्वामी अजून हयात होते. अहमदपूरच्या पुढे, मुखेडच्या रस्त्यावर, एका फाट्यापासून आत त्यांचा लहानसा मठ होता. गाडीने तीन तास लागत. आईने लिंग डबीत ठेवले, झाकण न फिरवता वरून फडके बांधले आणि डावा हात त्यावर धरून उठली.

"तो डबापण घे," ती मला म्हणाली. "काय लावलं ते स्वामीला दाखवाय पायजे."

पावणेदहाची मुखेड गाडी मिळाली. आईला खिडकीजवळ बसवले. खिडकीची काच वर चढून अडकलेली होती आणि आत भट्टी झाली होती. मी काच दाबून पाहिली.

"मावशी, ती न्हाई उघडत," कंडक्टर म्हणाला. "दोन साल झाले. पाऊस आला की आपोआप उघडंल."

"म्हंजे कधीच न्हाई म्हणा की," मागून एक जण म्हणाला. गाडी हसली.

आईचे ओठ सुकले होते. आता ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "फुस्स हाय न्हवं पिशवीत?"

मी मागच्या दोघांना विड्या विझवायला सांगितल्या आणि काचेच्या दोन्ही खाचांत फवारा मारला. पाच-सहा मैलांनंतर एका खड्ड्यात गाडी आदळली आणि काच स्वतःच खाली गेली. ती पुन्हा वर येईना. धूळ आत येऊ लागली.

"आता बंद कोण करायचं, साहेब?" मागचा माणूस म्हणाला. "आमाला धुळीत पुरायलात का?"

"गप रं," कंडक्टर म्हणाला. "वारं तर लागायलंय. साहेब, डेपोला येता का? अशा लई गाड्या हायेत."

आई हसली नाही, पण तिने पदर सैल केला आणि तोंड वाऱ्याकडे केले. अहमदपूरला गाडी वीस मिनिटे थांबली. लोक उतरून रसवंतीवर गेले. मी गेलो नाही. बाटलीत पाणी होते. मीही ते प्यायलो नाही. त्याचा तिला काही उपयोग नव्हता.

फाट्यावर आम्ही पाऊणला उतरलो. तिथून मठ अर्ध्या तासाच्या चालीवर. रस्त्याला सावली नव्हती. आई दोनदा थांबली. दुसऱ्यांदा ती खाली बसली आणि मी बैलगाडी येते का पाहत उभा राहिलो. आली नाही. ती स्वतःच उठली.

मठ म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, एक ओटा आणि बेलाचे एक झाड. स्वामी ओट्यावर सुपात शेंगा निवडत बसले होते. त्यांनी ऐंशी ओलांडली असावी. आईने दुरूनच हात जोडले.

"शरणार्थ, अप्पा."

"शरणार्थ. ह्या उन्हात? कुणी गेलं का काय?"

"अजून न्हाई," आई म्हणाली.

तिने सगळे सांगितले. बातमीदार म्हणून मी त्यात भर घालावी असे काही राहिले नाही. हापसा, पांढरा चुरा, फुस्स, दहा मिनिटे, काळे फडके, सगळे क्रमाने. मी लेखात लिहिलेले वाक्यही तिने सांगितले. मग फडके सोडून तिने लिंग तळहातावर घेतले. स्वामींनी ते उचलले नाही. तिचा हात धरून उन्हाकडे वळवला आणि वाकून पाहिले. करड्या जागेवर त्यांनी नख फिरवले.

"डबा दाव," ते मला म्हणाले.

मी डबा दिला. त्यांनी बोंडाचा वास घेतला.

"ह्यात काय हाय?"

"नक्की माहीत नाही. घासलेटाच्या जातीचं काहीतरी."

"माहीत नसताना लावलास?"

"हो."

"आन माहीत नसताना छापलास पण?"

"हो."

ते आईकडे वळले. "हे बग माय. लिंग दगडाचं असतंय. वर काळं दिसतंय ते लेपन. त्याला कांती म्हणत्यात. बिब्ब्याचं तेल, भस्म, असलं घालून आमीच करतो. घासलेटानं ते सुटतंय. तुजी कांती थोडी गेली. दगड हाय तसाच हाय."

"म्हंजे लिंग हाय?"

"हातातून खाली पडलं का?"

"न्हाई."

"दुसऱ्याच्या हातात दिलास?"

"न्हाई."

"मग कुठं जाईल?"

आईने डोळे मिटले. मला वाटले तिला चक्कर आली. मी पुढे झालो तर तिने मोकळ्या हाताने मला मागे सारले.

स्वामींनी पूजेची तयारी सांगितली. आधी कोरडी विभूती चोळायची. ती तेल ओढून घेते. मग पाणी. पहिल्या तीन वाट्या तीर्थ म्हणून घ्यायच्या नाहीत, चौथी घ्यायची. मठात पाणी एका मातीच्या रांजणात होते. ते बैलगाडीवरच्या पिंपातून दोन दिवसांआड येई. रांजण अर्ध्याखाली होता. आईने तो पाहिला.

"तीन वाट्या वाया घालू, अप्पा?"

"वाया कशाला? बेलाला घाल. त्याला घासलेट कळत न्हाई."

"मरंल झाड."

"एवढ्यानं मरत न्हाई. तू मरशील. घाल."

तिने विभूती चोळली. फडके पुन्हा थोडे काळे झाले आणि मग व्हायचे थांबले. पहिली वाटी घालून ते पाणी तिने बेलाच्या बुंध्याशी टाकले. त्यावर तेलाचे रंग दिसले. दुसऱ्या वाटीवर कमी दिसले. तिसरीवर दिसले नाहीत. तरी तिने तिसरीही झाडालाच घातली. चौथ्या वाटीला तिने नाक लावून वास घेतला, बेल वाहिला, आणि ते पाणी प्यायली. दोनला दहा मिनिटे कमी होती. मी घड्याळ पाहिले होते.

त्यानंतर तिने रांजणातले एक फुलपात्र पाणी घेतले, संथपणे, आणि स्वामींच्या सुपातल्या दोन शेंगा फोडल्या.

निघताना स्वामींनी मला थांबवले. मठाच्या दाराची कडी दाखवून म्हणाले, "ही निघत न्हाई. हिला चालंल का तुजं ते?" मी फवारा मारला. कडी निघाली.

परतीच्या गाडीत आई झोपली. अहमदपूरच्या स्टँडवर त्या दिवशीचे आमचे दैनिक मिळाले. "एक डबा, बारा उपयोग" रविवारच्या पानावर चौकटीत होते. बारावा उपयोग शेवटी होता आणि संपादकांनी तो जाड अक्षरांत घेतला होता. त्या सकाळी किती घरांत तो वाचला गेला हे मला मोजता येण्यासारखे नव्हते. फवाऱ्याचे डबे आमच्या भागात फार नव्हते. घासलेट प्रत्येक घरात होते.

रात्री घरी पोचल्यावर मी खुलासा लिहायला बसलो. खुलासा लिहिण्याची आमची पद्धत ठरलेली आहे. चूक कोणती ते सांगायचे, कशी झाली ते सांगायचे नाही, आणि तीन ओळींत संपवायचे. मी लिहिले: "रविवारच्या चौकटीतील बारावा उपयोग सर्व डब्यांना लागू नाही. पूजेची वस्तू, औषध किंवा खाद्यपदार्थ ज्यात ठेवतो, त्या डबीला हा फवारा किंवा घासलेट लावू नये." मी तो आईला वाचून दाखवला. ती उशीला टेकून दुधात भाकरी कुस्करून खात होती.

"माझं काय लिहिलास का त्यात?"

"नाही."

"बरं केलास." तिने एक घास घेतला. "पण हे अर्दंच हाय."

"का?"

"लावू नका म्हणलास. ते बसल्यावरचं झालं. पण मुळात बसू नये म्हून काय करावं? ते लिही की."

"काय लिहू?"

"पाणी मचूळ असलं तर डबी ओली मिटू नका. आटे फडक्यानं पुसा. वाळू द्या. मग झाकण फिरवा." तिने वाटी खाली ठेवली. "आन हे करून बगून मग छाप. आठ दिवस थांब."

मी संपादकांना तीन ओळींचा खुलासा सोमवारच्या गाडीने पाठवला आणि उरलेल्यासाठी आठ दिवस थांबलो. आई रोज पूजा झाल्यावर लिंग पुसून, फडक्यात बांधून गळ्यात घाली आणि डबी उघडी खिडकीत वाळवून, दुपारी ते आत ठेवून झाकण लावी. करडी जागा तशीच होती; कांती नवी घालायला पुढे श्रावणात जायचे ठरले होते. आठव्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली, माझ्यासमोर दोन बोटांनी झाकण फिरवले आणि ते सुटल्यावर म्हणाली, "आता लिही."

मी लिहिले. संपादकांनी जागा नाही म्हणून त्यातली "हे आठ दिवस करून पाहिले आहे" ही शेवटची ओळ कापली. आटे पुसून वाळवण्याची ओळ राहिली.